ताप येतो, शुगर निघते

मराठीत ताप येतो, सर्दी होते, गोवर उठतो, जुलाब लागतात. शुगर आणि बीपी मात्र ‘निघतात’. ‘वन्संना शुगर निघाली’, ‘मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेलं तर बीपी निघालं’, असं आपण सहज बोलून जातो. हे क्रियापद कोणी ठरवून लावलेलं नाही, पण लागलंय अचूक. येणारी गोष्ट बाहेरून येते, निघणारी आधीपासून आत असते. जमिनीचा व्यवहार ठरतो, सातबारा काढला जातो आणि इतर हक्कांच्या रकान्यात आजोबांच्या काळातला सोसायटीचा बोजा निघतो, तसं. बोजा काही त्या दिवशी चढलेला नसतो. त्या दिवशी फक्त कागद काढलेला असतो.

मुळशी तालुक्यात ही उपमा फोड करून सांगावी लागत नाही. चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगुट मागे टाकून घोटावडे फाट्याला वळलं की थोड्याच वेळात भरे येतं. एकीकडे भाताची खाचरं, दुसरीकडे प्लॉटिंगच्या पाट्या आणि कंपन्यांच्या बस. तिथल्या एका तपासणी शिबिरात, देवळाच्या सभामंडपात, पन्नाशीच्या एक काकू माझ्यासमोर येऊन बसल्या आणि त्यांनी साडीच्या दुकानाची पिशवी सतरंजीवर पालथी केली. अर्धवट कापलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिपा, चष्म्याचा नंबर, नातवाच्या लसींचं कार्ड, अक्षरं उडून पांढराफटक झालेला ईसीजीचा कागद आणि घड्या पडलेले रक्ताचे रिपोर्ट.

“यातला कुठला बघू, काकू?”

“तुम्हीच बघा डॉक्टर. मला काय कळतंय त्यातलं?”

रिपोर्ट चार होते. चार लॅबचे, सहा वर्षांतले. मी ते तारखेप्रमाणे मांडले. उपाशीपोटी साखर ११२. मग ११८. मग १३१. मग १६४. प्रत्येक वेळी कोणीतरी एक कागद पाहिला होता आणि ‘जरा वाढलीय, गोड कमी करा’ असं सांगितलं होतं. शेवटच्या दोन वेळा महिनाभराच्या गोळ्याही मिळाल्या होत्या. गोळ्या संपल्या, त्रास काहीच नव्हता, म्हणून विषयही संपला. चौघांनी चार पायऱ्या पाहिल्या होत्या, जिना कोणीच पाहिला नव्हता. काकू वाकून बराच वेळ ते आकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे हे एकाएकी झालेलं नाही.”

दीर्घकालीन आजारांवरच्या या पुस्तकाला प्रस्तावना लिहायला बसलो तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते हेच वाक्य. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात, दमा, सीओपीडी, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग, नैराश्य अशा एकमेकांशी वरवर काही संबंध नसलेल्या आजारांना एका पुस्तकात बांधणारा धागा काळाचा आहे. ते हळूहळू साठतात, उशिरा दिसतात आणि जन्मभर सांभाळावे लागतात. आपली आरोग्यव्यवस्था मात्र उभी राहिली ती साथ, जखम आणि बाळंतपण यांच्यासाठी, म्हणजे ज्यांना सुरुवात आणि शेवट असतो अशा प्रसंगांसाठी. प्रसंग हाताळायला हुशारी लागते. काळ हाताळायला वही लागते. या आजारांचं ज्ञान ज्यांनी पुढे नेलं, त्यांतले बरेच जण वर्षानुवर्षं नेमाने वही लिहिणारे होते. नवख्या वाचकाने या विषयात शिरताना तेवढं एक सूत्र हातात धरलं तरी वाट चुकणार नाही.

आधी नावाचं बघू. सरकारी कागदांत या आजारांना ‘असंसर्गजन्य’ म्हणतात. नाव सोयीचं आहे, पण ते आजार काय नाही एवढंच सांगतं, आणि तेही पुरतं खरं नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्ही विषाणूपासून होतो, यकृताच्या कर्करोगामागे पुष्कळदा हिपॅटायटिस बी असतो. क्षय आणि कुष्ठरोग हे संसर्ग असूनही महिनोन्‌महिने उपचार मागतात. एचआयव्ही तर आपल्या डोळ्यांदेखत रोज एका गोळीने सांभाळायचा आजार झाला. ‘जुनाट’ हा शब्द आपला, पण त्याला म्हातारपणाचा वास आहे आणि हे आजार आता म्हातारपणाची वाट पाहत नाहीत. म्हणून या पुस्तकाने ‘दीर्घकालीन’ हा शब्द घेतला आहे.

कल्पना मात्र नवी नाही. चरकसंहितेत रोगांची साध्य आणि असाध्य अशी विभागणी आहे, आणि असाध्यातही एक वेगळा वर्ग आहे: ‘याप्य’. पूर्ण बरा होणार नाही, पण पथ्य आणि औषध चालू आहे तोवर माणसाला चांगलं जगू देणारा रोग तो याप्य. आज ज्याला आपण ‘कंट्रोलमध्ये आहे’ म्हणतो, त्याला दोन हजार वर्षांपूर्वी स्वतंत्र शब्द होता. सुश्रुताने प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या रोगाचे, दोन प्रकार सांगितले, एक जन्मजात आणि एक अपथ्यातून होणारा. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल, हेही त्यांनी नोंदवलं. यावरून ‘सगळं आपल्याला माहीतच होतं’ असं म्हणू नये. इन्सुलिन त्यांना माहीत नव्हतं, आणि त्याअभावी मधुमेही मुलं मरतच होती. पण पाहण्याची शिस्त त्यांच्याकडे होती आणि ‘बरा’ व ‘असाध्य’ यांच्या मधली जागा त्यांनी ओळखली होती.

आधुनिक वैद्यकाला ती जागा उशिरा सापडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट कॉख आणि लुई पाश्चर यांच्या कामातून एक रोग, एक जंतू, एक उपाय अशी दृष्टी आली आणि तिने खरोखर क्रांती केली. त्याच दृष्टीच्या तेजात दीर्घकालीन आजार बाजूला पडले. गंमत अशी की त्यांतले काही वैद्यकाच्या यशानेच जन्माला घातले. १९२१-२२मध्ये टोरोंटोत फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, जॉन मॅक्लाउड आणि जेम्स कॉलिप यांनी इन्सुलिन मिळवलं. जानेवारी १९२२मध्ये ते पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचलं गेलं. त्याआधी मुलांना होणारा, इन्सुलिनच न बनण्याचा मधुमेह थोड्याच काळात जीव घेई. इन्सुलिनने माणूस जगला आणि आजार दीर्घकालीन झाला. मग पुढच्या वर्षांतले डोळे, मूत्रपिंडं, पाय यांचे प्रश्न समोर आले. ते दिसायला आधी माणूस तितकी वर्षं जगावा लागतो.

दुसरं महायुद्ध संपल्यावर विचारांचे चार मोठे प्रवाह तयार झाले. आजही दवाखान्यात डॉक्टर काहीही बोलले तरी ते यांपैकी एका प्रवाहातून बोलत असतात.

पहिला प्रवाह जोखमीचा. १९४८मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावातल्या पाच हजारांवर निरोगी स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली आणि दर काही वर्षांनी ती होत राहिली. कोणाला हृदयविकार होतो याची वाट पाहत वह्या भरत गेल्या. त्यांतून रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान ही नावं पुढे आली. एका कारणाऐवजी अनेक जोखमींची बेरीज, हा विचार इथून रुळला. त्याच सुमारास, १९५०मध्ये, इंग्लंडात रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं आकड्यांनी दाखवलं. पुढे जेफ्री रोझ या साथरोगतज्ज्ञाने १९८५मध्ये या प्रवाहाला एक अवघड प्रश्न विचारला. ‘याच माणसाला हा आजार का झाला’ हा एक प्रश्न, आणि ‘या गावात हा आजार इतका का आहे’ हा दुसरा; दोन्हींची उत्तरं वेगळी असतात. आंब्याच्या लोणच्याची फोड कमी करायला एका काकूंना सांगणं ही पहिली वाट. बेकरीच्या मालातलं आणि फरसाणातलं मीठच कमी होईल असं बघणं ही दुसरी.

दुसरा प्रवाह बीजाचा. १९६२मध्ये जेम्स नील यांनी मांडलं की दुष्काळात तगून राहायला उपयोगी पडलेली काटकसरी जनुकं सुकाळात मधुमेह देत असावीत. तिसरा प्रवाह समाजाचा. लंडनच्या सरकारी नोकरांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासात मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांना दिसलं की कचेरीतली पायरी जितकी खालची, तितके हृदयविकाराने मृत्यू जास्त. आणि धूम्रपान वगैरे हिशेबात धरूनही हा फरक पुरता मिटत नव्हता. साहेबाला हार्ट अटॅक येतो, शिपायाला नाही, हा आपला घरगुती समज त्या आकड्यांनी पार उलटा केला.

चौथा प्रवाह गर्भाचा, आणि तो थेट आपल्या पुणे जिल्ह्यातून वाहतो. इंग्लंडच्या हर्टफर्डशरमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून परिचारिका घरोघर जाऊन बाळांची वजनं वह्यांत लिहीत होत्या. काही दशकांनी साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांना त्या वह्या मिळाल्या. त्यांनी त्या माणसांचे मृत्यू शोधले आणि १९८९मध्ये मांडलं की ज्या बाळांचं वजन कमी होतं, ती मोठेपणी हृदयविकाराने जास्त दगावली. आजाराची सुरुवात पन्नाशीत होत नाही, आईच्या पोटात होते, हा विचार तेव्हा अनेकांना अचाट वाटला.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्यासमोर येणारे रुग्ण इंग्रजी पाठ्यपुस्तकातल्यासारखे नव्हते. ते तरुण होते आणि अंगाने बारीक होते. त्यातून १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत ‘पुणे मातृपोषण अभ्यास’ सुरू झाला. अडीच हजारांच्या आसपास विवाहित स्त्रियांची नोंद झाली. कार्यकर्त्या दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख विचारत, म्हणजे गर्भ राहिला की पहिल्या आठवड्यांपासूनचा हिशेब मिळे. आई काय खाते, किती राबते, किती पाणी वाहते, सगळं लिहिलं गेलं. सातशेहून जास्त बाळं जन्मली. सरासरी वजन २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण खरा शोध वजनात नव्हता. बाळांच्या अंगावर मांस कमी होतं, पोट लहान होतं, मात्र खांद्याखालच्या कातडीची घडी मोजली तर तिथली चरबी जवळजवळ इंग्रज बाळाइतकीच भरत होती. हडकुळं आणि तरीही चरबीचं. अशा बाळाला जगभरच्या वैद्यकात ‘थिन-फॅट’ हे नाव मिळालं. पालेभाज्या, फळं, दूध खाणाऱ्या आईचं बाळ मोठं होतं, आणि जास्त कष्ट उपसणाऱ्या आईचं लहान. दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्या मातांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सर्वांत जास्त दिसला.

ही मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा ३७ टक्के मुलग्यांची आणि १८ टक्के मुलींची साखर सामान्य मर्यादेच्या वर होती. त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांची मधुमेहाच्या उंबऱ्यावर. आणि तपासलेल्या एकूण मुला-मुलींत जवळजवळ निम्मी वजनाने कमीच होती. ‘खाऊन खाऊन शुगर झाली’ हे वाक्य जिभेवर आलं की हा आकडा आठवावा. पुढे याच मुला-मुलींना, ती आई-बाप होण्याआधीच, बी-१२ देऊन पाहण्याचा प्रयोगही झाला. बोजा पुढच्या पिढीच्या सातबाऱ्यावर चढण्याआधी उतरवता येतो का, हे पाहण्याचा तो प्रयत्न.

याच विचाराचं एक छायाचित्र २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलं गेलं. त्यात दोन डॉक्टर उभे आहेत, याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. शिंप्याच्या मापात दोघे सारखे, यंत्राच्या मापात दुपटीहून जास्त फरक. भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा २५ऐवजी २३वर आणि कंबरेची रेषा पुरुषांना ९०, स्त्रियांना ८० सेंटिमीटरवर का आणली, ते या चित्रावरून पटकन कळतं.

आता आत काय चालतं ते थोडक्यात. इन्सुलिन म्हणजे साखरेला पेशीत शिरू देणारी किल्ली, ही उपमा शाळेपासूनची. मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहात किल्ली असते, पण कुलूप गंजतं. जास्तीची चरबी कातडीखाली मावेनाशी झाली की ती यकृतात, स्वादुपिंडाभोवती, स्नायूंत जाऊन बसते आणि कुलपं गंजवते. स्वादुपिंड मग दुप्पट किल्ल्या घडवतं आणि वर्षानुवर्षं साखर बरोबर ठेवतं. रिपोर्ट नॉर्मल येतो, कारण आत कोणीतरी डबल पाळी करत असतं. ते थकतं तेव्हा शुगर ‘निघते’. आणि तोवर त्याची ताकद साधारण निम्म्यावर आलेली असते. रक्तवाहिनीचीही तीच तऱ्हा. कोलेस्टेरॉलचे कण भिंतीत शिरतात, पांढऱ्या पेशी ते गिळतात, तिथे सूज धरते, थर चढतो. कोरियाच्या युद्धात मेलेल्या अमेरिकी सैनिकांची शवविच्छेदनं १९५३मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी वय बावीस, आणि दर चारांतल्या तिघांच्या हृदयाच्या धमन्यांत आजाराच्या खुणा. पोरं धावत होती, लढत होती, आणि थर चढत होता. चुलीच्या धुराने श्वासनलिका अरुंद होणं, मिठाने आणि वयाने धमन्या ताठर होणं, मूत्रपिंडाच्या गाळण्या एकेक करून बंद पडणं, सगळ्यांत हीच चाल आहे. शरीराजवळ शिल्लक मोठी असते. ती संपेपर्यंत ते तक्रार करत नाही.

हे आजार एकटेही राहत नाहीत. मधुमेहाने मूत्रपिंड बिघडतं, मूत्रपिंडाने रक्तदाब चढतो, रक्तदाबाने पक्षाघात होतो. मधुमेह्याला क्षय होण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो. आणि जन्मभराच्या आजाराने मन खचतं, खचलेलं मन गोळी चुकवतं. अवयवाप्रमाणे वाटून दिलेले विशेषज्ञ या साखळीतली एकेक कडी पाहतात. म्हणूनच या पुस्तकात आजारांपेक्षा त्यांच्या सांध्यांना जास्त पानं मिळाली आहेत.

निदानाबद्दल एक गोष्ट नवख्या वाचकाला सांगितलीच पाहिजे. रक्तदाबाचा १४०/९०, उपाशीपोटी साखरेचा १२६, एचबीए१सीचा ६.५ हे आकडे निसर्गाने आखलेले नाहीत. साखरेची रेषा मुख्यतः ज्या पातळीपासून डोळ्यांच्या पडद्याला इजा दिसू लागते, तिथे माणसांनी आखली. रक्तदाबाची रेषा २०१७मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी १३०/८०वर आणली आणि एका रात्रीत कोट्यवधी माणसं रक्तदाबाची रोगी झाली. रेषा हवी, कारण तिच्याशिवाय निर्णय होत नाही. पण १२५वाला निरोगी आणि १२६वाला रोगी असं मानणारा जिना पाहतच नाही. शिवाय प्रत्येक मापाला आपल्या मातीत आपली खोच आहे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी उत्तम, पण लोह कमी असलेल्या बाईत ती खोटी जास्त येऊ शकते, आणि विदर्भात, आदिवासी भागांत आढळणाऱ्या सिकलसेलमध्ये खोटी कमी. ज्या राज्यात इतक्या बायकांना रक्तक्षय आहे, तिथे एका आकड्यावर निदानाचा शिक्का मारू नये. तक्रार नसलेल्या माणसाची तपासणी दुसऱ्यांदा करून मगच निदान पक्कं करतात, ते यासाठी.

उपचारांच्या बाबतीत महाराष्ट्राकडे सांगण्यासारखं खूप आहे. जामखेडला १९७०मध्ये डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी अक्षरओळख नसलेल्या बायकांच्या हाती गावाचं आरोग्य दिलं. बार्शीला १९८७मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, म्हणजे खेड्यातल्या कर्करोगाची पहिली वही. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांवर झालेला अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, नेहमीच्या व्यवस्थेवर सोडलेल्या गटात ६४. जगाच्या मार्गदर्शिका बदलायला मराठवाड्यातल्या त्या बायकांचा हातभार लागला, हे त्यांच्यापैकी किती जणींना माहीत असेल? गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली, तेव्हा सर्वांत वरचं कारण निघालं पक्षाघात, १४.३ टक्के. मलेरियाच्या नावाने ओळखला जाणारा जिल्हा, आणि तिथे पहिला मारेकरी रक्तदाबाचा भाऊ. गोव्यात ‘संगात’ या संस्थेने साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून सरकारी आरोग्य केंद्रांत नैराश्यावर उपचार होतात हे दाखवलं.

या सगळ्यांनी डॉक्टर वाढवले नाहीत, वही डॉक्टरांच्या खोलीबाहेर नेली. देशात २०१०पासून असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. आज आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक साधा फॉर्म भरते: वय, तंबाखू, दारू, कंबरेचं माप, हालचाल, घरात कोणाला आजार. गुण चारांच्या वर गेले की तपासणीला आधी पाठवायचं. टेप धरून कंबर मोजताना पुरुष लाजतात, बायका पदर सावरून हसतात. पण आजार ‘निघण्याची’ वाट न बघता तो काढायला जाण्याचा हा पहिला सार्वत्रिक प्रयत्न आहे. फॉर्म भरला, पण पुढच्या महिन्यात गोळी आली नाही, तर मात्र तो फॉर्म म्हणजे ईसीजीचा पांढरा पडलेला कागदच. सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा या जिल्ह्यांतल्या रक्तदाब नियंत्रणाच्या उपक्रमाचा भर म्हणूनच साध्या गोष्टींवर होता: ठरलेला औषधक्रम, महिन्याच्या गोळ्या एकदम, घराजवळ, आणि न आलेल्याला फोन.

‘गोळीची सवय लागेल’ ही भीती प्रत्येक गावात भेटते. चष्म्याची सवय लागते म्हणून कोणी मोटारसायकल आंधळेपणाने चालवत नाही. पण ही भीती वेडगळ नाही. जन्मभर कशाला तरी बांधलं जाण्याचं दुःख तिच्यात आहे, आणि त्याला टिंगलीने उत्तर देता येत नाही. उलट टोकाला ‘मुळापासून बरा करतो’ म्हणणारे आहेत. सुरुवातीच्या वर्षांत बरंच वजन उतरवलं तर काहींचा मधुमेह औषधाविना शांत राहतो, हे आता चाचण्यांत दिसलं आहे. उंबऱ्यावरच्या भारतीयांमध्ये चालणं आणि आहार बदलल्याने मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं, हे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६च्या अभ्यासाने दाखवलं. शांत राहणं आणि नाहीसं होणं यांत फरक आहे. शांत आजाराचीही वही चालू ठेवावी लागते.

हे आजार आताच इतके का? १९९०मध्ये भारतातल्या मृत्यूंपैकी ३७.९ टक्के असंसर्गजन्य आजारांनी होत, २०१६मध्ये ६१.८ टक्के. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी सर्वेक्षणाने मधुमेही १०.१ कोटी, उंबऱ्यावरचे १३.६ कोटी आणि रक्तदाबाचे ३१.५ कोटी असल्याचा अंदाज दिला. हे आकडे डोक्यावरून जातात, म्हणून पुन्हा भऱ्याला जाऊ. मुळशीत गेल्या शंभर वर्षांत जमिनीने फार उलथापालथ पाहिली. १९२०च्या दशकात धरणाने गावं बुडाली, सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला. अलीकडे हिंजवडी आणि पिरंगुटच्या बाजूने कंपन्या आल्या, बंगले आले. आंबेमोहराच्या खाचरात दिवसभर वाकून लावणी करणाऱ्या बाईची सून आता पाळीवर उभी राहते, आणि नातू खुर्चीत बसतो. नाचणीची भाकरी पाहुण्यापुरती उरली, बिस्किटाचा पुडा रोजचा झाला. आजीच्या पोटात आणि आजीच्या कष्टात घडलेलं काटकसरी शरीर एका पिढीत भरल्या ताटासमोर येऊन बसलं. दोष ताटाचा, की खाणाऱ्याचा, की आजीला न मिळालेल्या दुधाचा? पुण्याजवळच्या त्या सहा गावांनी दिलेलं उत्तर रुग्णाला दटावणाऱ्या प्रत्येकाने वाचावं.

या पुस्तकाने जे योजलं आहे, ते मोठं आहे आणि नेमस्तही. आजारामागची यंत्रणा, निदान आणि सांभाळ या तिन्ही बाजू ते एका वाचकासमोर ठेवतं. तो वाचक डॉक्टर असेल, वैद्यकाचा विद्यार्थी असेल, आशाताई असेल, किंवा आईच्या गोळ्यांचा डबा भरणारी लेक असेल. लेखकांनी सोपं करण्यासाठी खोटं सांगितलेलं नाही, आणि अचूक राहण्यासाठी वाचकाला बाहेर उभं केलेलं नाही. काही ठिकाणी त्यांची आपसात मतं जुळत नाहीत, तीही झाकलेली नाहीत. हे पुस्तक औषध सुचवणारं नाही. दवाखान्यात कोणते प्रश्न विचारावेत आणि कोणता कागद जपून ठेवावा, हे शिकवणारं आहे.

एका बाबतीत मी लेखकांशी वाद घातला आणि तो त्यांनी ऐकला. पुस्तकाच्या शेवटी काही पानं कोरी, रेघा मारलेली आहेत. पहिला रकाना तारखेचा. छापखान्याच्या हिशेबात ती वाया गेलेली पानं असतील. पण शिबिरानंतर तीन-चार महिन्यांनी मी पुन्हा भऱ्याला गेलो, तेव्हा त्या काकू पिशवी न घेता आल्या होत्या. हातात नातवाची जुनी चौरेघी वही होती, चार रिपोर्टांचे आकडे तारखेनिशी उतरवलेली. त्याआधीच्या, अगदी पहिल्या पानावर मात्र त्यांची शुगर नव्हती. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीचं वजन होतं, सातव्या महिन्यापासूनचं, आठवड्याला एक ओळ.

“माझं जे व्हायचं ते झालं, डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “म्हटलं, हिचं पहिल्यापासून लिहू.”